सिस्टर आधी कुणाकडे गेली?

परवा शेजारच्या वहिनी तणतणतच आल्या. त्यांच्या सासूबाईंना जुलाब-उलट्यांनी अगदी गळून गेल्यामुळे चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आता आजी घरी आल्यात, चहात खारी बुडवून खातायत, सगळं ठीक आहे. पण वहिनींचा राग काही उतरला नव्हता.

"तुम्ही सिस्टर होतात ना, मग सांगा मला. रात्री दीड वाजता सलाईन संपलं. मी तीनदा जाऊन सांगितलं. ती सिस्टर नुसतं 'हो, येते' म्हणते आणि येतच नाही. पाऊण तास! शेवटी मावशींनी येऊन नळी बंद केली. शिरेत हवा गेली असती म्हणजे?"

मी विचारलं, "त्या पाऊण तासात सिस्टर होती कुठे?"

"तिथेच की वॉर्डात. कोपऱ्यातल्या कॉटपाशी, पडदा ओढून. काय करत होती देव जाणे!"

मी काही बोलले नाही. चहा ठेवला. वहिनी गेल्या, पण ते 'देव जाणे' माझ्या मनातून जाईना. मैत्रिणींनो, त्या पडद्याच्या आत मी तेहतीस वर्षं उभी होते. आधी तालुक्याच्या दवाखान्यात, मग जिल्ह्याच्या. आणि पडद्याबाहेर उभ्या असलेल्या तुमच्यासारख्या कितीतरी जणींचे शिव्याशाप ऐकले. काही माझ्या चुकीचे होते, बरेचसे नव्हते. म्हणून आज ठरवलं, की आतलं जरा सांगावंच.

आधी त्या सलाईनचं सांगते, कारण ही भीती घरोघरी आहे. उंचावर टांगलेली बाटली संपली, की नळीतलं पाणी एका ठिकाणी येऊन थांबतं. शिरेतल्या रक्ताचा दाबही उलट्या बाजूने असतोच. त्यामुळे हवा आपोआप शिरेत धावत सुटत नाही. फार तर थोडं रक्त नळीत मागे येतं, सुई बंद पडते आणि आजींना पुन्हा एकदा टोचावं लागतं. त्रास होतो, नाही असं नाही. पण जिवाला धोका सहसा नसतो. आता त्याच बाटलीत रक्तदाब टिकवून धरणारं औषध चालू असेल, तर मात्र ती संपणं म्हणजे धावत जायची वेळ. दिसायला दोन्ही बाटल्या सारख्याच! कुठली बाटली थांबू शकते आणि कुठली नाही, हे बाटलीकडे बघून कळत नाही. कुणाला, कशासाठी लावली आहे ते डोक्यात असावं लागतं. आणि हे तीसेक पेशंटांचं एकाच वेळी डोक्यात ठेवायचं असतं.

रात्रपाळीला आलं, की आधी 'ओव्हर' घ्यायचा. म्हणजे संध्याकाळची सिस्टर कॉटनिहाय सांगत जाते आणि आपण तिच्याबरोबर फिरत ऐकायचं. एक नंबर, ताप, दुसरा दिवस. दोन नंबर, उद्या घरी. तीन नंबर, ऑपरेशन झालंय, लघवी झाली का बघायची. नव्या मुलींना वाटतं, ओव्हर म्हणजे वहीत उतरवून घ्यायची गोष्ट. खरं तर तेव्हाच मनात चाळणी सुरू व्हायला हवी. कुणाकडे तासातासाला जायचं, कुणाकडे दोनदा फिरकलं तरी चालेल, आणि कुणाबद्दल ओव्हर देणारी म्हणते 'तशी बरी आहे, पण...' त्या 'पण'पाशी मी नेहमी थांबायची. आकडे सगळे बरोबर असतात, तरी त्या बाईला काहीतरी खटकलेलं असतं.

पावसाळ्यातली एक रात्र सांगते. तालुक्याला असतानाची. तीस कॉटचा वॉर्ड, त्यावर आणखी नऊ जण खाली गाद्यांवर. मी एकटी, जोडीला एक मावशी आणि दाराशी एक मामा. अकराच्या सुमाराला एकदमच सगळं आलं. विंचू चावलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा, किंचाळून वॉर्ड डोक्यावर घेतलेला. पंचायत समितीतल्या कुणाच्या तरी मेव्हण्याला ताप, त्याच्याबरोबर पाच माणसं. एका बाबांना भांडं हवं होतं. चार नंबरचं सलाईन संपलं होतं. आणि दाराजवळच्या गादीवर एक शेतमजूर बाई, संध्याकाळीच दाखल झालेली, 'पोटात दुखतंय' म्हणून. ती मात्र अगदी शांत होती.

सांगा बरं, आधी कुणाकडे जाल?

पहिली धाव पोराकडेच. पण त्याच्याकडे बघायचं काय, ते आम्हाला कोकणातल्या एका डॉक्टरांच्या कामामुळे कळलं होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात वर्षानुवर्षं विंचूदंशाचे पेशंट रात्ररात्र जवळ बसून तपासले. 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं, पुढे प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर वापरात आणली आणि कितीतरी पोरं वाचली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून आम्ही शिकलो ते हे, की लाल विंचू चावल्यावर नुसतं दुखतंय, पोर बोंबलतंय, तर एका परीने बरं. दुखणं कमी झालं, पण पोराला दरदरून घाम आलाय, उलट्या होतायत, हातपाय बर्फासारखे गार पडलेत, तर घाबरायचं. विष तेव्हा हृदयावर चाललेलं असतं. मी पोराचे तळहात, तळपाय हातात धरून पाहिले. कोमट, कोरडे. उलटी नाही. नाडी भरलेली. आईला म्हटलं, "रडू दे त्याला. घाम आला, उलटी झाली, हात गार लागले, की तेवढ्या क्षणी मला हाक मार." आणि पुढे गेले. आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असणार, केवढी दगडाच्या काळजाची बाई!

गेले ती दाराजवळच्या गादीकडे. का गेले? खरं सांगते, तेव्हा विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. ओव्हर देताना संध्याकाळची सिस्टर म्हणाली होती, "पोटात दुखतंय म्हणते, पोट मऊ आहे, ताप नाही, पण घसा धरल्यासारखा वाटतो म्हणते." पोटदुखी आणि घसा, याची सांगड मला लागत नव्हती. बॅटरी तिच्या तोंडावर धरली. म्हटलं, "बाई, डोळे उघड." तिने उघडले, पण अर्धेच. पापण्या वर जाईनात. झोपेने जड झालेल्या पापण्या वेगळ्या आणि ह्या वेगळ्या. "कुठे झोपली होतीस काल?" "खालीच, जमिनीवर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नाकातून आला.

मण्यार! मण्यार रात्री झोपेत चावते. बहुतेक वेळा सूज नाही, फारसं दुखणं नाही, चावल्याची खूणसुद्धा धड दिसत नाही. पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबतो. शुद्ध असते, फक्त छाती हलत नाही. डॉक्टरांना उठवलं, सर्पविषावरचं इंजेक्शन चालू केलं. पहाटे तिचा श्वास अपुरा पडायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी घशात नळी घातली. तेव्हा 108 ची गाडी नव्हती, ती आपल्याकडे 2014 मध्ये आली. दवाखान्याच्या जीपमध्ये मी आणि मामा आळीपाळीने हाताने फुगा दाबत तिला जिल्ह्याला घेऊन गेलो. वाचली ती. त्या रात्री मेव्हण्यांच्या माणसांनी माझ्याविरुद्ध तक्रार लिहून दिली, 'सिस्टरने पेशंटकडे ढुंकूनही पाहिले नाही' अशी. त्यांचा ताप सकाळी उतरला होता.

ही झाली फुशारकीची गोष्ट. सिस्टर मंडळी एकत्र जमली की अशाच गोष्टी सांगतात. पण मला हे सगळं शिकवलं ते दुसऱ्या एका रात्रीने, त्याच्याही बरीच वर्षं आधीच्या. ती गोष्ट मी फार कमी वेळा सांगितली आहे.

नोकरीचं चौथं वर्ष. चौथं बाळंतपण झालेली एक बाई, संध्याकाळी साडेसातला मोकळी झालेली. मुलगा झाला म्हणून घरचे खूश. दहा वाजता मी तिचं बीपी घेतलं, 110/70. छान. नाडी मोजली नाही. बीपी चांगलं आहे म्हटल्यावर नाडीच्या रकान्यात 80 लिहून टाकलं. साडेअकराला तिच्या कॉटवरून जाताना ती म्हणाली, "सिस्टर, जरा गार वाटतंय." मी मावशींना म्हटलं, हिला एक ब्लँकेट द्या. आणि स्पेशल खोलीकडे गेले. कारण तिथल्या एका बड्या माणसाच्या वडिलांचं सलाईन संपलं होतं आणि त्यांचे दोन मुलगे माझ्या टेबलाशी उभे राहून 'सिव्हिल सर्जनना फोन लावू का?' असं विचारत होते. मी भ्याले. सलाईन बदललं, सुई सरकली होती, म्हाताऱ्या माणसाची शीर काही केल्या सापडेना. अर्धा तास त्यातच गेला.

सव्वाबाराला मावशी आल्या. "बाई, ती उत्तर देत नाहीये."

ब्लँकेट वर केलं. गादी खालपर्यंत भिजलेली होती. ओटीपोटावर हात ठेवला, तर गर्भाशय दगडासारखं घट्ट लागायला हवं ते कणकेसारखं मऊ. मग जे करायचं ते सगळं केलं. पोट चोळलं, गर्भाशय आवळायचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या हातालाही सलाईन लावलं, डॉक्टर आले, जीप काढली. तालुक्याला रक्त मिळत नव्हतं. जिल्हा चाळीस किलोमीटर. ती वाटेतच गेली.

कुणी मला दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं. कागदावर तर सगळं व्यवस्थितच होतं, बीपी 110/70, नाडी 80. फक्त तिची आई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, ती मला म्हणाली, "सिस्टर, ती म्हणत होती ना तुम्हाला, गार वाटतंय म्हणून?"

तरण्या, धडधाकट बाईचं शरीर रक्त जात असतानाही बराच वेळ बीपी धरून ठेवतं. आधी वाढते ती नाडी. हातपाय गार पडतात, तहान लागते, जीव घाबरा होतो. बीपी पडतं ते अगदी शेवटी, आणि तोवर हातातला वेळ गेलेला असतो. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठायला लागला, की काहीतरी भलतं चाललंय असं समजायचं. मी त्या रात्री नाडीला दोन बोटं लावली असती, तर स्पेशल खोलीतल्या मुलांनी सिव्हिल सर्जनना खुशाल फोन केला असता. आणि खरं सांगायचं तर नाडी मोजायला अर्धं मिनिट पुरतं. तेवढा वेळ माझ्याकडे नक्की होता.

आज या बाबतीत खूप पुढे गेलोय आपण. बाळंतिणीच्या खाली मोजपट्टी असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवतात, किती रक्त गेलं ते डोळ्यांना दिसतं. आपल्या शेजारच्या बेळगाव भागातल्या खेड्यांत ही पिशवी वापरून मोठा अभ्यास झाला होता, 2006 साली तो प्रसिद्ध झाला. गावात बाळंतपणं करणाऱ्या सहायक परिचारिकांनी प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि अतिरक्तस्रावाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 रुग्णालयांचा अभ्यास आला. पिशवीने मोजायचं, आणि ठरावीक रक्त गेलं की सगळे उपचार एकदम सुरू करायचे, एकेक करून वाट बघत बसायचं नाही. एवढ्याने गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावं लागणारं ऑपरेशन किंवा मृत्यू, या सगळ्यांचं मिळून प्रमाण 60 टक्क्यांनी खाली आलं. वाचताना मला ती भिजलेली गादीच दिसत होती.

आधी कुणाकडे जायचं, याला डॉक्टरी भाषेत 'ट्राएज' म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ साधा, निवडणं. आपण तांदूळ निवडतो तसं. नेपोलियनच्या सैन्यात लॅरी नावाचे एक सर्जन होते. त्यांनी रणांगणावर असा नियम घातला, की हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. ज्याची जखम जिवावरची, तो आधी, मग तो साधा शिपाई का असेना. दोनशे वर्षं होऊन गेली! आमच्या स्पेशल खोल्यांपर्यंत तो नियम अजून पुरता पोहोचलेला नाही.

लोकांना वाटतं, ठरवायचं ते डॉक्टरने, सिस्टरने फक्त करायचं. अहो, पण डॉक्टर येतात सकाळी राऊंडला आणि संध्याकाळी. मधले बावीस तास पेशंटजवळ कोण असतं? डॉक्टरला बोलवायचं की नाही, हे कोण ठरवतं? फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1859 मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात निरीक्षणावर वेगळं प्रकरणच आहे. आणि पॅट्रिशिया बेनर नावाच्या अमेरिकन परिचारिका-प्राध्यापिकेने 1984 मध्ये दाखवून दिलं, की नवशिकी नियमांच्या यादीने चालते आणि मुरलेली सिस्टर अख्खं चित्र एकदम बघते. तिला आधी खटकतं, कारण मागून सापडतं. मात्र हे मुरणं एकाच प्रकारच्या पेशंटांजवळ वर्षानुवर्षं काम करूनच येतं. आपल्याकडे मात्र बाळंतिणींमध्ये हात बसलेल्या मुलीला सहा महिन्यांत हाडांच्या वॉर्डात टाकतात आणि म्हणतात, नर्स ती नर्स, काय फरक पडतो!

पडतो. फार पडतो.

खटकण्याला आकड्यांचीही जोड हवी, नाहीतर तेही धोक्याचंच. इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने 2012 मध्ये एक साधा तक्ता काढला. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, या प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज वाढली की धावायचं. त्यात मिनिटाला 25 किंवा जास्त श्वासांना सगळ्यात जास्त गुण आहेत. आणि आमच्याकडे नेमका हाच आकडा कुणी मोजत नाही! कुठल्याही दवाखान्याचा जुना चार्ट काढून बघा, अख्खा वॉर्ड मिनिटाला वीस श्वास घेत असतो. ताप आलेला वीस, ऑपरेशन झालेला वीस, दम लागलेलाही वीस. मीही लिहिलेत असले वीस. सिस्टरांचा कैवार घेऊन लिहायला बसले आहे, पण हे लपवून कसं चालेल?

अजूनही आहे. जो ओरडतो त्याच्याकडे आधी जाणं, हा दोष आमच्यात आहे. साडी बघून, भाषा बघून आवाज बदलतो, हेही आहे. 'ही नेहमीच कण्हते' असं एकदा ओव्हरमध्ये आलं, की तीन पाळ्या तिच्या कण्हण्याकडे कुणी बघत नाही. आणि एखादी टेबलाशी मोबाईलवर असते, तेव्हा तुम्ही रागावलात तर मी तुमच्या बाजूने. दगावलेल्या पेशंटाच्या नातेवाइकांना धड दोन वाक्यं समजावून न सांगता निघून जाणाऱ्या सिस्टरही मी पाहिल्या आहेत. वहिनींना त्या रात्री कुणी एवढंच म्हटलं असतं, 'सलाईन संपल्याने काही होत नाही, तिकडे एक जण अत्यवस्थ आहे', तर त्या तणतणल्या नसत्या. तेवढं म्हणायला किती वेळ लागतो?

पण हेही बघा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक. माझ्या तेहतीस वर्षांत रात्रपाळीला मला पाच पेशंट कधीच मिळाले नाहीत. तीस मिळाले, चाळीस मिळाले. याची किंमत काय असते, ते अमेरिकेत मोजून पाहिलंय. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला एक जरी पेशंट जास्त आला, तरी ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या महिनाभरातल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली होती. एका पेशंटाने! आमच्याकडे तर बेरीज करायलाच नको. पाच पेशंटांत आधी कुणाकडे जायचं, हा अकलेचा प्रश्न असतो. चाळिसांत तो कुणाला सोडून द्यायचं असा होतो, आणि ते ओझं एकवीस-बावीस वर्षांच्या कंत्राटी मुलीच्या खांद्यावर ठेवून आपण सगळे झोपी जातो. रिकाम्या जागा भरा, हे आमच्या संघटना वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. ती मागणी काही फक्त सिस्टरांच्या सोयीची नाही.

रात्रीच्या फोनचंही सांगायला हवं. दोन वाजता डॉक्टरला उठवायचं म्हणजे नव्या मुलीच्या पोटात गोळा येतो. ती चाचरत म्हणते, "सर, सात नंबर जरा बरे वाटत नाहीत." पलीकडून झोपेतला आवाज, "बीपी किती? ठीक आहे ना? मग सकाळी बघू." संपलं. माझ्या हाताखालच्या मुलींना मी फोनआधी कागदावर लिहून घ्यायला लावायची. काय बदललं, केव्हापासून, आकडे काय आणि मला काय हवंय. "सर, सात नंबरचे काका संध्याकाळी नीट बोलत होते, आता नाव विचारलं तर असंबद्ध बोलतायत, श्वास तीस आहेत, तुम्ही आत्ता यायला हवं." यावर 'सकाळी बघू' म्हणणं कुठल्याही डॉक्टरला जड जातं. तरी म्हणालेच, तर त्यांचं नाव आणि वेळ वहीत लिहायची. एकदा एका मुलीने तसं लिहिलेलं डॉक्टरांनी पाहिलं आणि तिच्यावर जाम चिडले. पुढच्या वेळेपासून मात्र आले.

हीच युक्ती तुमच्याही कामाची आहे. तुमचं माणूस वॉर्डात असेल तेव्हा 'सिस्टर, लवकर या' असं सगळेच म्हणतात, त्यातून तिला काहीच कळत नाही. काय बदललं ते सांगा. मगाशी बोलत होते, आता हाका मारल्या तरी नीट ओ देत नाहीत. दम लागतोय, वाक्य पुरं करता येत नाही. अंग गार पडलंय आणि घाम आलाय. संध्याकाळपासून लघवीच नाही. बाळंतिणीचं कापड अर्ध्या तासात भिजलं. असं सांगितलंत, तर हातातलं काम टाकून येईल ती. तुम्ही चोवीस तास उशाशी बसलेल्या असता, 'हे नेहमीचे नाहीत' हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. नाही आली, तर मग आवाज चढवा. तेव्हा चढवायलाच हवा.

आणि श्वास मोजायला शिका. सोपं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आकडे न येणाऱ्या बायकांनासुद्धा हे शिकवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, बास, तेवढ्यावर त्या तान्ह्या बाळांचा न्यूमोनिया ओळखायच्या. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचं कापड वर करून पोटाकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर उद्यावर टाकायचं नाही. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ अंगावर पीतच नसेल, तर मोजतसुद्धा बसू नका, निघा.

वहिनी काल पुन्हा आल्या होत्या, आजींचे रिपोर्ट आणायला दवाखान्यात जाऊन आल्या म्हणून. तीच सिस्टर ड्युटीवर होती. वहिनींनी तिला विचारलंच, त्या रात्री कोपऱ्यात काय चाललं होतं म्हणून. दम्याच्या एक आजोबा होते म्हणे, दीड वाजता एकाएकी घरघरायचे थांबले आणि नातेवाइकांना वाटलं, बरं वाटून झोपले. सिस्टरला वाटलं नाही. पहाटे त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. आता स्वतःच्या हाताने जेवतायत.

"मग मी तिला विचारलं," वहिनी म्हणाल्या, "की मला तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, 'काकू, मी 'येते' म्हणाले ना, तेव्हा माझ्या तोंडातून तेवढंच निघत होतं.'"